क्रॉस नवे, बेअरिंग नवं, शाफ्ट बॅलन्स केलेला. तरी ट्रकची थरथर जात नाही

प्रश्न : माझा ट्रक जुना आहे, दोन ॲक्सलचा. ५५ ते ६५च्या वेगात सीटखाली थरथर येते आणि पायाखालचा पत्रा गुणगुणतो. स्टिअरिंग मात्र शांत असतं. ७०च्या पुढे थरथर कमी होते, ५०च्या आत नसतेच. गाडी रिकामी असली की जास्त, भरली की जवळजवळ नाही. जागेवर उभं राहून रेस दिली तर काहीच जाणवत नाही. शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारी, चाकं फिरवणारी नळी) दोन तुकड्यांचा आहे. तिन्ही क्रॉस (शाफ्टचे वाकणारे सांधे) दोनदा बदलले, त्यातला शेवटचा चार महिन्यांतच वाजायला लागला. मधलं बेअरिंग रबरासकट नवं टाकलं. शाफ्ट बॅलन्स करून आणला. मागची चाकं आलटून पालटून पाहिली. आता मिस्त्री म्हणतात, डिफरन्शिअल (मागच्या ॲक्सलमधला गिअरांचा डबा) उघडू. उघडावं का? एक सांगायचं राहिलं, वर्षभरापूर्वी मागच्या कमानींत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एकेक पाटा वाढवून घेतला होता. थरथर त्याआधी होती की नाही, नक्की आठवत नाही.

उत्तर : डिफरन्शिअल आत्ता उघडू नका. आधी ट्रक रिकामा करून सपाट जागी उभा करा आणि कोनमापक घेऊन त्याच्या खाली शिरा. तुमच्या पत्रात बदललेल्या सुट्या भागांची पूर्ण यादी आहे, पण मापाचा आकडा एकही नाही. माझा अंदाज असा की हा दोष सुट्या भागात नाही, तो भाग ज्या कोनात बसलेत त्या कोनात आहे.

पाटा वाढवल्याची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, सांगायची राहिली म्हणून लिहिलीत. मी सुरुवात तिथूनच करणार आहे. कमान जाड झाली की रिकाम्या गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंतच्या सगळ्या शाफ्टची उतरण बदलते. माल भरला की गाडी खाली बसते आणि उतरण पुन्हा जवळपास पूर्वीसारखी होते. रिकाम्या गाडीत थरथर आणि भरल्यावर शांतता, ही तुमची तक्रार याला तंतोतंत जुळते. चाक वाकडं असतं किंवा शाफ्टचं वजन एका अंगाला असतं, तर माल भरल्यावर ते इतक्या निमूटपणे गप्प बसलं नसतं.

पण अंदाजावर खर्च करायला मी सांगणार नाही. तेच तुमच्या बाबतीत वर्षभर झालंय. थरथर नेमकी कुठल्या जातीची आहे ते आधी ठरवू.

ट्रकमध्ये तीन गोष्टी आपापल्या गतीनं फिरतात : इंजिन, शाफ्ट आणि चाकं. प्रत्येकीचा ठेका वेगळा असतो. तो काढायला खडू आणि टेप पुरते. मागच्या टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूची रेघ मारा. ट्रक अगदी हळू पुढे घ्या, आणि टायरवरची रेघ परत जमिनीला लागली की तिथे दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा. शाफ्टवरही एक खूण करून ठेवा. बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभ्या असलेल्या माणसानं तेवढ्या वेळात शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजलं, तर डिफरन्शिअलचा रेशोही हाती येतो.

समजा टायर १०.००-२० मापाचा आहे आणि अंतर भरलं ३.२ मीटर. ६०च्या वेगात गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाचे ३१२ फेरे, सेकंदाला पाच. रेशो ६ धरला तर शाफ्ट मिनिटाला १८७५ फेरे घेतो, सेकंदाला ३१. त्याची दुप्पट ६२.

हे तीन ठेके शरीराला अगदी वेगवेगळे जाणवतात. सेकंदाला पाचचा ठेका म्हणजे उसळी. ती बोटावर मोजता येते, सीटवर माणूस हलके हलके उडतो. असा ठेका असेल तर चाक, टायर, ड्रम, हब यांच्याकडे बघायचं. एकतीसचा ठेका मोजता येत नाही, पण मांड्या बधिर होतात आणि बाहेरच्या आरशातली मागची गाडी पुसट दिसते. इथे शाफ्टचं वजन, शाफ्टचा वाक, फ्लँजचा (शाफ्ट जिला बोल्टनं जोडतात त्या चकतीचा) वाकडेपणा यांचा संशय घ्यायचा. बासष्टचा ठेका अंगापेक्षा कानाला आधी कळतो. पत्रा घुमतो, दाराची काच झिणझिणते. तुम्ही लिहिलंय, पायाखालचा पत्रा गुणगुणतो. गुणगुण एकतीसची नसते. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा येणारा हा धक्का आहे, आणि तो क्रॉसच्या कोनातून येतो.

इंजिन तुम्ही स्वतःच यादीतून काढून टाकलंय. टॉप गिअर डायरेक्ट असेल तर इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात, त्यामुळे चालत्या गाडीत दोघांतला फरक कळत नाही. जागेवर उभं राहून इंजिन त्याच १८७५च्या आसपास नेलं आणि ते शांत राहिलं, तर इंजिन, फ्लायव्हील आणि क्लच यांच्यावर बोट ठेवायचं कारण उरत नाही. रेस त्या आकड्यापर्यंत नेली होती ना, एवढं फक्त एकदा पडताळून बघा.

आता कोनाचं. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या मिस्त्रींशी बोलताना ते लागेल. सॉकेट सेटमध्ये एक छोटा क्रॉसचा जॉइंट असतो, वाकवून बोल्ट खोलायचा. तो चांगला वाकवून हातात धरा आणि एका टोकाला सावकाश, एकसारखं फिरवा. दुसऱ्या टोकाकडे बघा. ते एकसारखं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतं आणि दोनदा रेंगाळतं. रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकातच हा दोष ओळखला होता, आणि एका जॉइंटचा दोष दुसरा जॉइंट जोडून मारता येतो हेही. तुमच्या ट्रकचा शाफ्ट अजून त्याच युक्तीवर चालतो. एका क्रॉसनं पुढे ढकललेलं दुसरा क्रॉस मागे ओढतो आणि हिशेब शून्यावर येतो. मात्र त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असावे लागतात, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस ज्यात बसतो ते दोन कानांचे योक) एका रेषेत असावे लागतात. यातलं एक जरी चुकलं, तरी जगातले सगळ्यात महागडे क्रॉस टाकून उपयोग नाही.

हा दोष कोनाच्या वर्गानं वाढतो. ४ अंशाच्या कोनात शाफ्टची गती पाव टक्क्याच्या आसपास मागेपुढे होते, ८ अंशाला जवळजवळ एक टक्का. कोन दुप्पट, त्रास चौपट. पाव टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण लोखंडाचा एवढा जड नळकांडा सेकंदाला ६२ वेळा थोडा थोडा ओढला-सोडला जातो, तेव्हा क्रॉसच्या सुयांना (प्रत्येक खुंटावरच्या टोपीतल्या बेअरिंगच्या बारीक रोलरांना) क्षणाचीही उसंत मिळत नाही. चार महिन्यांत क्रॉस गेला तो यामुळेच, असं मला वाटतं. क्रॉस वाईट होता म्हणून थरथर आली नाही. थरथर होती म्हणून क्रॉस गेला.

तो काढलेला क्रॉस टाकून दिला नसेल तर हातात घ्या. रॉकेलनं पुसा आणि चारही खुंटांवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नख जिथे अडकत अडकत जाईल तिथे सुयांनी बारीक उभ्या रेघा पाडल्यात. त्या खुंटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर असतील तर क्रॉसनं भार सोसलाय. एकाच खुंटावर तांबूस, कोरडी भुकटी असेल आणि बाकी तीन चकचकीत असतील, तर त्या एका टोपीत ग्रीस पोचलंच नव्हतं. ग्रीस भरताना चारही सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा असतो. तीनमधून आलं, चौथ्यातून नाही, तर काम झालेलं नाही. शाफ्ट थोडा हलवून, टोपी किंचित सैल करून ते काढावंच लागतं. हा दोष छोटा दिसतो, पण क्रॉस मारण्यात त्याचा वाटा फार मोठा असतो.

शाफ्ट बॅलन्स करूनही फरक पडला नाही याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. बॅलन्सिंगनं फेऱ्यात एकदा येणारा धक्का जातो. फेऱ्यात दोनदा येणारा जात नाही, कितीही काळजीनं केलं तरी. ज्यांनी बॅलन्स केलं त्यांनी काम चोख केलं असेल, पण त्या यंत्रावर शाफ्ट सरळ फिरतो आणि तुमच्या ट्रकखाली तो कोनात फिरतो.

मी कामाला नवा लागलो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. एका ट्रकची अशीच थरथर आमच्याकडे आली. आम्ही क्रॉस बदलले, शाफ्ट दोनदा बॅलन्सला पाठवला, चाकं बदलली. तीन आठवडे गेले. त्या मालकाच्या तेवढ्या फेऱ्या बुडाल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी एका वयस्कर फिटरनं शाळेच्या कंपासपेटीतलं कोनमापक मागवलं, मधल्या भोकातून दोरा ओवून त्याला एक नट बांधला आणि तो ओळंबा घेऊन ट्रकखाली शिरले. अर्ध्या तासात बाहेर येऊन म्हणाले, गिअरबॉक्सची शेपटी दीड अंश खाली आहे. मागच्या फाउंडेशनचं, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते, रबर खालून बघितलं तर अखंड दिसत होतं. जॅकवर लाकूड ठेवून गिअरबॉक्स जरा उचलला, तर मागच्या अंगानं ते उभं फाटलेलं निघालं. रबर बदललं, थरथर गेली. तेव्हापासून कोन मोजल्याशिवाय मी शाफ्टचा एक नटही खोलत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. ट्रक रिकामा, टायरमध्ये हवा सारखी, जमीन सपाट. गाडी थोडी पुढे-मागे घेऊन कमानी मोकळ्या होऊ द्या आणि मग थांबवा. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. गाडी जॅकवर उचलायची नाही. ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेला कोन खोटा असतो. मोजायला आकड्याची पाणसळ असेल तर उत्तम, नाहीतर दोरा बांधलेलं कोनमापकही अर्ध्या अंशापर्यंत खरं सांगतं.

चार ठिकाणी माप घ्या. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजच्या तासलेल्या तोंडावर, पुढच्या शाफ्टच्या नळीवर, मागच्या शाफ्टच्या नळीवर, आणि डिफरन्शिअलच्या पिनियन (शाफ्ट ज्याला फिरवतो तो छोटा गिअर) फ्लँजच्या तोंडावर. नळीवर माप घेताना वेल्डिंग आणि बॅलन्सचं वजन टाळा, चिखल-गंज पुसून घ्या. फ्लँजचं तोंड उभं असतं, म्हणून तिथे ओळंब्याच्या रेषेपासून किती झुकलंय ते मोजायचं. प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं, मागे उतरता की मागे चढता. लोक चुकतात ते इथे. आकडा बरोबर घेतात, दिशा लिहायची विसरतात, आणि मग वजाबाकीच्या जागी बेरीज होते. प्रत्येक माप तीनदा घ्या. तिन्ही वेळा सारखं आलं तरच लिहा.

समजा तुमचे आकडे असे आले, सगळे मागे उतरते : गिअरबॉक्स ३, पुढचा शाफ्ट साडेतीन, मागचा शाफ्ट ८, पिनियन ६. लागून असलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मधल्या क्रॉसचा कोन. पहिला क्रॉस अर्धा अंश, तो सोडून द्या. मधला क्रॉस साडेचार अंश. मागचा क्रॉस २ अंश. साडेचारचा वर्ग २०.२५, दोनचा वर्ग ४. मागचा शाफ्ट काट्यांनी सरळ जुळलेला असेल तर एकातून दुसरा वजा करायचा : १६.२५. त्याचं वर्गमूळ ४. म्हणजे मधल्या क्रॉसचा जेवढा दोष मागच्या क्रॉसनं मारायला हवा होता तेवढा मारला जात नाही, आणि ४ अंशाच्या एकट्या क्रॉसइतका दोष शिल्लक राहतो. हा आकडा ३च्या आत हवा, आणि जितका खाली आणाल तितकं चांगलं.

आता तीच गाडी भरा. चासीची मागची बाजू बसते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि पुढचा शाफ्ट थोडे जास्त उतरते होतात, आणि मागचा शाफ्ट कमी उतरता होतो. पुढचा साडेचार, मागचा साडेसहा, पिनियन ६ असं धरलं तर मधला क्रॉस २ अंश, मागचा अर्धा अंश. शिल्लक २च्या जरा आत. थरथर गेली. हे आकडे मी नमुन्याचे घेतलेत, पण तुमची तक्रार नेमकी या वळणाची आहे.

नमुन्यात खटकणारा आकडा पिनियनचा आहे. पुढचा शाफ्ट साडेतीन आणि पिनियन ६; या दोघांनी एकमेकांना समांतर असायला हवं होतं. अडीच अंशांचा फरक नुसत्या वाढीव पाट्यानं पडत नाही. सपाट पाटा वाढवला तर गाडी उचलली जाते, पण पिनियनचं नाक आपणहून एवढं वर होत नाही. म्हणून तुम्हाला एक जागा मुद्दाम बघायला सांगतो. कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांना एक लोखंडी पाचर असते, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. पिनियनचा कोन साधायलाच ती दिलेली असते. पाटा वाढवताना यू-बोल्ट (ॲक्सल कमानीला आवळून धरणारे) सुटतात, पाचर खाली पडते, आणि परत बसवताना कोणाच्या लक्षात राहत नाही की जाड तोंड पुढे होतं की मागे. सव्वा अंशाची पाचर उलटी बसली तर चूक सव्वा अंशाची होत नाही, अडीच अंशांची होते. ॲक्सल कमानीच्या खाली असेल तर पाचरीचं जाड तोंड पुढे केल्यानं पिनियनचं नाक खाली जातं, मागे केल्यानं वर. दोन्ही बाजूंच्या पाचरी बघा. त्या एकमेकींशीही जुळायला हव्यात, नाहीतर ॲक्सल पिळला जातो. तुमच्या गाडीला पाचर नसेलच, तर कोनाचे आकडे बघून ती करून घेता येते.

पाचर सुलटी केल्यावर नमुन्यातले दोन्ही क्रॉस साडेचार-साडेचार अंशांवर येतील आणि एकमेकांचा दोष मारतील. तरी मी तिथे समाधान मानणार नाही. पिनियनपर्यंत पोचणारा झटका गेला, तरी त्या दोन क्रॉसमधली नळी स्वतः अजून झटके खातच फिरते. प्रत्येक क्रॉसचा कोन शक्यतो ३ अंशांच्या आत ठेवावा. अगदी शून्यही नको, अर्धा-एक अंश तरी हवा, नाहीतर सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खळगे पाडतात. कोन खाली आणायला मधल्या बेअरिंगचा आधार उपयोगी पडतो. आणि इथे तुमच्या कामातली दुसरी शंका आहे. बेअरिंगचा आधार आणि क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) यांच्यात पॅकिंगच्या पट्ट्या असतात. जुनं बेअरिंग काढताना त्या गळून पडतात आणि नवं तसंच थेट आवळलं जातं. क्रॉस मेंबरच्या खालच्या अंगाला जुन्या पॅकिंगचा ठसा बघा. रंग गेलेला, पट्टीच्या आकाराचा चौकोन दिसला आणि तिथे आता काही नसेल, तर ते पॅकिंग हरवलंय. ते परत घातलं की मधलं बेअरिंग खाली येतं, पुढचा शाफ्ट जरा जास्त उतरतो, मागचा जरा कमी, आणि मधल्या क्रॉसचा कोन दोन्हीकडून घटतो. मात्र पहिल्या क्रॉसचा वाढतो, म्हणून पॅकिंग घातल्यावर चारही मापं नव्यानं घ्या.

काट्यांची रेष बघायला एक मिनिट लागतं. मागच्या शाफ्टच्या एका टोकाला खाली बसून नळीवरून दुसऱ्या टोकाकडे डोळा लावा. दोन्ही काटे एका पातळीत दिसले पाहिजेत. स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा काटा) खोलून परत घालताना एक दात जरी चुकला, तरी १६ दातांच्या स्प्लाइनवर (तो ज्या खाचांवर सरकतो त्यांवर) साडेबावीस अंशांचा फरक पडतो आणि तो डोळ्याला सहज दिसतो. बाणाच्या खुणा असतील तर त्या समोरासमोर आणा. पुढच्या तुकड्याचे काटे मागच्याशी कसे ठेवायचे हे मात्र गाडीप्रमाणे बदलतं, तिथे बनवणाऱ्यांच्या खुणाच प्रमाण. शाफ्ट बॅलन्स होऊन आल्यावर ज्यांनी तो चढवला, त्यांना खुणा पाहिल्या होत्या का एवढं विचारा. रागानं विचारू नका. ही चूक चांगल्या हातांकडूनही होते.

क्रॉस बसवताना सर्क्लिपकडेही (टोपी जागेवर धरणाऱ्या कडीकडेही) लक्ष हवं. समोरासमोरच्या दोन सर्क्लिप वेगळ्या जाडीच्या पडल्या तर शाफ्ट मध्यावरून सरकतो. शाफ्टचं वजन ४० किलो धरलं, त्यातलं २० किलो या टोकाच्या वाट्याला, आणि सरकणं फक्त मिलिमीटरचा दहावा भाग. तरी १८७५ फेऱ्यांना त्या टोकावर सुमारे ८ किलोचा ओढा तयार होतो आणि तो सेकंदाला ३१ वेळा दिशा फिरवतो. बॅलन्स करून आणलेला शाफ्ट गाडीखाली येऊन बिघडतो तो असा. नवा क्रॉस बसल्यावर हातानं चारही दिशांना वाकवून बघा. तो एकसारखा, जरा जड चालला पाहिजे. कुठे खटका लागला तर काट्याच्या कानावर तांब्याच्या हातोडीचा हलका ठोका द्या, म्हणजे टोपी सर्क्लिपला जाऊन टेकते आणि खुंट मोकळा होतो.

डिफरन्शिअल न उघडताही त्याची परीक्षा होते. मागचा शाफ्ट उतरवा, पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. वर-खाली प्ले (ढिलेपणा) जाणवला तर पिनियनची बेअरिंगं गेलीत, आणि मग मिस्त्रींचं म्हणणं बरोबर. नुसता फिरवताना थोडा प्ले असणं हा क्राउन-पिनियनच्या दातांमधला असतोच, त्याला घाबरू नका. डायल गेज (काट्याचं बारीक मापक) मिळालं तर फ्लँज हळू फिरवून त्याचा वाकडेपणा बघा, आणि शाफ्ट परत चढवल्यावर नळीच्या मध्यावरही. नळीवर अर्ध्या मिलिमीटरच्या वर काटा फिरला तर शाफ्ट वाकलाय असं समजून पुढे जा.

यू-बोल्ट आवळल्यावर थोडं चालवून, भरल्या गाडीत पुन्हा आवळले होते का? नवे पाटे बसतात तसे ते सैल पडतात. मागच्या कमानीच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपनं मोजा. फरक दिसला तर सेंटर बोल्ट (कमानीचे पाटे मध्यावर धरणारा) कापला गेलाय आणि ॲक्सल तिरका बसलाय.

हे सगळं होईपर्यंत रिकामी गाडी ५०च्या आत चालवा. ७०च्या पुढे थरथर कमी होते म्हणून तिथे जाऊन आराम शोधू नका. तिथे फक्त पत्र्याचा आवाज थांबतो, क्रॉसवरचा मार वेगाबरोबर वाढतच असतो. मागचा क्रॉस चार महिन्यांत गेला हे विसरू नका. पुढच्या टोकाचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं तोंड रस्त्यात रुततं, आणि जवळून जाणारे ब्रेकचे पाइप त्याच्या मारात येतात. शाफ्टखाली सुरक्षेची पट्टी असते, ती जागेवर आहे का, तिचे बोल्ट आवळलेले आहेत का, हे आजच बघा. बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल.

मापं घेतलीत की मला रिकाम्या गाडीचे चार आणि भरल्या गाडीचे चार असे आठ आकडे पाठवा, प्रत्येकापुढे उतरता की चढता ते लिहून. सोबत पाचरीचं जाड तोंड कुठल्या बाजूला आहे आणि क्रॉस मेंबरवर पॅकिंगचा ठसा दिसला का, तेही कळवा. किती जाडीची पाचर लागेल याचा हिशेब मी करून देतो, मग यू-बोल्ट एकदाच खोलावे लागतील.